मोठ्या आतड्याची बायोप्सी : घाई कुठे करावी आणि कुठे करू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली आणि ‘बायोप्सी पाठवली आहे, रिपोर्ट आला की या’ असे डॉक्टरांनी सांगितले, की त्यानंतरचे दिवस रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना खायला उठतात. तुकडा जेमतेम २ ते ३ मिलिमीटरचा. मग तो पाहायला इतका वेळ कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. उत्तर देताना बहुतेक वेळा यंत्रे जुनी आहेत, माणसे कमी आहेत असे सांगितले जाते, आणि ते काही अंशी खरेही असते. परंतु ऊतकांचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे, मेणात ब्लॉक करणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यांचे पातळ काप काढणे हेच काम वर्षानुवर्षे करत आलेला तंत्रज्ञ म्हणून माझे निरीक्षण थोडे निराळे आहे. या तपासणीत जो वेळ वाया जातो, तो बहुतांशी तेच काम दुसऱ्यांदा करण्यात जातो. आणि दुसऱ्यांदा करण्याची पाळी मुख्यतः दोन ठिकाणच्या हलगर्जीपणामुळे येते. तुकडा डबीत टाकताना, आणि तो मेणात बसवताना. ही दोन्ही कामे काही मिनिटांची आहेत, त्यांना महागडे यंत्र लागत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम डबीविषयी. दुर्बिणीतून जाणाऱ्या बारीक चिमट्याने जो तुकडा येतो तो आतड्याच्या भिंतीचा नसून बहुधा केवळ तिच्या आतल्या अस्तराचा असतो. तो इतका लहान असतो की कोरड्या गॉजवर किंवा हातमोज्यावर काही मिनिटे राहिला तरी कडेने सुकतो, आणि सुकलेल्या पेशी नंतर कितीही उत्तम रंगवल्या तरी गिचमिडच दिसतात. म्हणून तो लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात, पडला पाहिजे. फॉर्मॅल्डिहाइडने ऊतक टिकवता येते हे जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये दाखवले. त्यानंतर इतकी रसायने येऊन गेली, तरी रोजच्या कामात फॉर्मॅलिनची जागा कोणी घेतलेली नाही. द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान १० पट असावे, असा साधा नियम आहे. फॉर्मॅलिन इतक्या लहान तुकड्यात लवकर शिरते हे खरे, पण शिरणे वेगळे आणि प्रथिनांना बांधून ठेवणे वेगळे. त्या दुसऱ्या क्रियेला काही तास लागतातच, आणि पुढे विशेष चाचण्या करायच्या असतील तर किमान ६ तास द्यावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या तासांत काटकसर केली तर तिची किंमत नंतर फिक्या, अर्धवट रंगलेल्या स्लाइडच्या रूपाने मोजावी लागते.

यावर ‘मग शस्त्रक्रियेच्या वेळी करतात तशी गोठवून अर्ध्या तासात तपासणी का करत नाही’ असेही विचारले जाते. गोठवताना ऊतकातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि ते नाजूक अस्तराची रचना विस्कटून टाकतात. शिवाय गोठवलेल्या तुकड्याचे काप काढता काढता बराच भाग हाती न लागता संपतो. मोठ्या गाठीच्या बाबतीत हे परवडते. २ मिलिमीटरच्या तुकड्याच्या बाबतीत तो एक प्रकारचा जुगारच असतो.

फॉर्मॅलिननंतर तुकडा यंत्रात जातो. तेथे क्रमाक्रमाने तीव्र होत जाणाऱ्या अल्कोहोलने त्यातले पाणी काढले जाते, झायलीनने अल्कोहोल काढले जाते आणि शेवटी वितळलेले मेण आत भरले जाते. बहुतेक प्रयोगशाळांत हे चक्र रात्रभर चालते, कारण त्याच यंत्रात स्तनाच्या, गर्भाशयाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे जाड तुकडेही असतात आणि त्यांना तेवढा वेळ लागतो. आतड्याच्या बायोप्सीला लागत नाही. उलट जास्त वेळ राहिल्याने ती ठिसूळ होते आणि काप काढताना तिच्यात समांतर भेगा पडतात. लहान बायोप्सींसाठी काही तासांचे स्वतंत्र चक्र दिवसा चालवले, तर सकाळपर्यंत फॉर्मॅलिनमध्ये पक्क्या झालेल्या तुकड्यांच्या स्लाइड त्याच संध्याकाळी तयार होऊ शकतात. वेग वाढवण्याची खरी जागा ही आहे, आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागेलच असे नाही. कामाची वाटणी बदलावी लागते. ज्या प्रयोगशाळेत दिवसभराच्या सगळ्या डब्या संध्याकाळपर्यंत साठवून एकदमच यंत्रात लावल्या जातात, तेथे तांत्रिकदृष्ट्या कोणताच विलंब झालेला नसतो, आणि तरीही रुग्णाचा एक दिवस गेलेला असतो.

यंत्रात जाण्यापूर्वी डबीतले तुकडे मोजून नोंदवायचे असतात. हे कारकुनी वाटेल, पण ५ तुकडे आले होते आणि मेणात बसवताना ४ मिळाले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पाचवा तुकडा झाकणाला चिकटलेला असतो, नाहीतर कॅसेट नावाच्या जाळीदार डबीतून निसटलेला असतो. फिकट तुकडे पांढऱ्या मेणात दिसेनासे होतात म्हणून डबीत इओसिन या गुलाबी रंगाचा एक थेंब टाकण्याची जुनी युक्ती आहे. तुकडा गुलाबी होतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नजरेत राहतो. तुकडे निसटू नयेत म्हणून स्पंजच्या चकत्यांत दाबून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण स्पंजच्या जाळीने ऊतकात त्रिकोणी भोके पडतात आणि अननुभवी माणूस त्यांना आजार समजू शकतो. त्यापेक्षा पातळ कागदाची घडी बरी. आणखी एक बाब विसरली जाते. डबीत तुकड्यांबरोबर श्लेष्मा किंवा पिवळसर चोथा असेल, तर तो घाण समजून फेकू नये. आमांशाचे अमिबा बहुधा त्यातच, पृष्ठभागावरच्या त्या मृत थरात असतात, आणि लाल रक्तपेशी गिळलेला एखादा अमिबा दिसला की निदानासाठी फारशी शोधाशोध उरत नाही.

आता मेणात बसवण्याविषयी, कारण माझ्या मते सगळा खेळ येथे आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरात ‘क्रिप्ट’ नावाच्या सरळ, नळीसारख्या ग्रंथी असतात. पृष्ठभागापासून तळाच्या पातळ स्नायूपर्यंत त्या एकमेकींना समांतर, स्टँडमध्ये ओळीने ठेवलेल्या परीक्षानळ्यांप्रमाणे उभ्या असतात. काप उभा गेला तर ही संपूर्ण रांग तोंडापासून तळापर्यंत एका नजरेत दिसते. काप आडवा गेला तर दिसतात फक्त वर्तुळे, आणि ती वर्तुळे वरच्या भागातली की तळाची, हे सांगता येत नाही. काप उभा जाण्यासाठी तुकडा मेणात कडेवर उभा राहिला पाहिजे. गरम पट्टीवर साचा ठेवायचा, त्यात तळ झाकण्यापुरते वितळलेले मेण घ्यायचे, कोमट केलेल्या बारीक चिमट्याने तुकडा उचलायचा, भिंगाखाली त्याची चकचकीत बाजू आणि खरबरीत बाजू ओळखायची, तो कुशीवर वळवायचा, आणि साचा क्षणभर थंड पट्टीवर सरकवून तळचे मेण आळू लागताच तुकडा तसाच धरून ठेवायचा. मेण पूर्ण घट्ट व्हायच्या आत पुढचा तुकडा त्याच रेषेत, त्याच पातळीवर लावायचा. एका साच्यामागे मिनिट-दीड मिनिट जाते. साच्यात तुकडे नुसते टाकून वरून मेण ओतले तर काही सेकंदांत काम होते, आणि घाईच्या दिवशी नेमके हेच होते.

त्या वाचवलेल्या मिनिटाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. व्रणयुक्त बृहदांत्रदाहात, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, ग्रंथींची रचना वेडीवाकडी होणे आणि त्यांच्या तळाशी, स्नायूच्या थराला लागून, प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी होणे या दोन खुणा महत्त्वाच्या मानल्या जातात. जंतुसंसर्गाच्या तात्पुरत्या दाहापासून जुनाट आजार वेगळा काढायला त्यांचाच आधार असतो. आडव्या कापात तळच दिसत नाही, तर तळची गर्दी कशी दिसणार? दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कोलॅजेनस कोलायटिस या आजारात पृष्ठभागाखालचा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा पट्टा जाड होतो आणि १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक जाडी ही निदानाची खूण मानतात. पण निरोगी माणसाचा पट्टाही तिरका कापला गेला तर जाड भासतो. म्हणजे येथे चुकीच्या बसवण्यामुळे आजार नजरेतून सुटतोच असे नाही, नसलेला आजार दिसूही शकतो. मग स्लाइड पाहून निदान करणारे विकृतिशास्त्रज्ञ आणखी खोल काप मागवतात, ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढण्याच्या यंत्रावर, चढतो, नव्या स्लाइड पुन्हा रंगवल्या जातात, आणि रिपोर्ट एक दिवस पुढे जातो.

खोल काप मागवू नयेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. दुर्बिणीत पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, दिसला आणि पहिल्या कापात तो नसला, तर खोल गेलेच पाहिजे. पॉलिप कित्येकदा खालच्या पातळीवर सापडतो. माझे म्हणणे एवढेच, की ब्लॉक मायक्रोटोमवर पहिल्यांदा असतानाच दोन-तीन पातळ्यांवरचे काप घ्यावेत आणि मधले काही काप न रंगवता बाजूला ठेवावेत. ब्लॉक एकदा काढून पुन्हा लावला की त्याचा पृष्ठभाग पूर्वीच्या कोनात येत नाही. तो सपाट करण्यासाठी काही काप फुकट घालवावे लागतात. आमचा एक काप ३ ते ४ मायक्रॉनचा असतो, तेव्हा हे नुकसान किरकोळ वाटेल, पण तुकड्याची जाडीच १ मिलिमीटरच्या आसपास असते आणि बारीकशी शंकास्पद जागा एवढ्यानेही नाहीशी होते. जपून ठेवलेल्या न रंगवलेल्या स्लाइडचा उपयोग कर्करोगाच्या रुग्णांत विशेष होतो. डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिने गाठीत आहेत की नाहीत, हे आता बायोप्सीवरच तपासले जाते. त्यावरून लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा संशय घेता येतो आणि इम्युनोथेरपीचा विचारही त्यावरच अवलंबून असतो. गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वीच्या किरणोपचारांनी आणि औषधांनी गाठ पूर्णपणे विरघळली, तर नंतर तपासायला मूळ बायोप्सीखेरीज काहीच उरत नाही. तो ब्लॉक बेफिकिरीने कापून संपवणे हे अक्षम्य आहे.

एका ब्लॉकमध्ये किती तुकडे लावावेत, यावर आमच्यात नेहमी वाद होतो. जास्त लावले तर ब्लॉक कमी, स्लाइड कमी, काम कमी. परंतु ४-५ हून अधिक तुकडे एकाच पातळीवर बसवणे हाताला जमत नाही. एक तुकडा कापात आला की दुसरा अजून मेणात खोल असतो, आणि तो येईपर्यंत पहिला संपतो. वेगवेगळ्या जागांचे तुकडे एकाच डबीत घालून पाठवणे तर मुळातच चूक आहे. क्रोन्सचा आजार, हाही आतड्याचा जुनाट दाहच, मध्येमध्ये जागा सोडत पसरतो, अल्सरेटिव्ह कोलायटिस सहसा गुदाशयापासून सलग वर जातो. कोणता तुकडा कोठला हेच माहीत नसेल तर हा फरक सूक्ष्मदर्शकातून कसा सांगायचा? लघ्वांत्राचा शेवटचा भाग, मोठ्या आतड्याचे भाग आणि गुदाशय यांचे तुकडे वेगळ्या, नाव घातलेल्या डब्यांतून आले की डब्या वाढतात आणि काम जरूर वाढते, पण ते कामी येते.

याउलट जेथे तुकडे खरोखर कमी करता येतात, तेथे ते अजूनही सवयीने घेतले जातात. वर्षानुवर्षे कोलायटिस असलेल्या रुग्णांत कर्करोगपूर्व बदल शोधण्यासाठी दर १० सेंटिमीटरला ४ तुकडे घ्यावेत अशी जुनी पद्धत होती, म्हणजे एका तपासणीत ३० च्या वर तुकडे. आता आतड्यावर रंगद्रव्य फवारून किंवा अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या दुर्बिणीने पाहून संशयास्पद जागेचेच तुकडे घेण्याकडे कल आहे, काही अधिक धोक्याचे रुग्ण वगळता. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही फार मोठी बचत आहे. मात्र कमी तुकडे म्हणजे नेहमीच चांगले, असाही समज करून घेऊ नये. दीर्घकाळ पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या माणसाचे आतडे दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसू शकते आणि आजार केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. वर सांगितलेला कोलॅजेनस कोलायटिस त्यापैकीच, आणि पृष्ठभागावरच्या १०० पेशींमागे २० हून अधिक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दाखवणारा लिम्फोसायटिक कोलायटिसही त्यातलाच. ‘आतडे नॉर्मल दिसले म्हणून बायोप्सी घेतली नाही’ हे वाक्य अशा रुग्णाच्या कागदांत वाचले, की मला हळहळ वाटते.

डबीबरोबर येणाऱ्या फॉर्मविषयी बोलायचे तर तो बहुतेक वेळा कोराच असतो. ‘कोलायटिस?’ एवढा एक शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. वेदनाशामक गोळ्या, अवयवरोपणानंतर दिले जाणारे मायकोफेनोलेट, तपासणीपूर्वी पोट साफ करायला दिलेली फॉस्फेटची औषधे, ही सगळी अस्तरावर आपापले ठसे उमटवतात. सोनामुखीसारखी रेचके वर्षानुवर्षे घेतली तर अस्तरात तपकिरी रंगद्रव्य साठते. हे फॉर्मवर दोन ओळींत लिहिलेले असेल तर विकृतिशास्त्रज्ञाचा शोध सुरुवातीपासूनच योग्य दिशेने जातो. नसेल तर फोनाफोनी होते, डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात, आणि रिपोर्ट तयार असूनही सही होत नाही. क्षयरोगाची शंका असेल तर तो निर्णय दुर्बिणीच्या खोलीतच व्हावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्यावरून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणे, करता येत नाही. त्यासाठी एक-दोन तुकडे सलाइनमध्ये वेगळे पाठवावे लागतात. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांची फसवी नक्कल करतात, क्षयाचे जंतू रंगवलेल्या स्लाइडमध्ये बरेचदा सापडतच नाहीत, आणि क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. सलाइनची ती एक डबी ठेवायला लागतो अर्धा मिनिट.

प्रत्येक बायोप्सीवर सुरुवातीलाच चार-पाच विशेष रंग करून ठेवण्याची एक टूम अधूनमधून येते. मला ती पटत नाही. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा नेहमीचा रंग नीट झालेला असेल आणि काप उभा असेल, तर बहुतांश प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात. बाकीचे रंग प्रश्न पडल्यावर करावेत. तीव्र कोलायटिस उपचारांना दाद देत नसेल तेव्हा सायटोमेगॅलो विषाणूचा शोध घेणे ही जशी प्रश्नातून आलेली चाचणी आहे, तशा.

बारकोड, स्लाइडचे डिजिटल स्कॅनिंग, संगणकाकडून प्राथमिक छाननी यांचा उपयोग होतोच, विशेषतः एका रुग्णाची स्लाइड दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका बारकोडने पुष्कळ कमी होतो. पण आडवा कापलेला तुकडा स्कॅन केला तरी तो आडवाच राहतो. प्रयोगशाळेची कार्यक्षमता मोजताना डबी आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंतचे तास मोजतात. त्याबरोबर किती ब्लॉक पुन्हा कापावे लागले, किती रिपोर्ट नंतर दुरुस्त करावे लागले आणि किती रुग्णांना ‘तुकडा अपुरा’ म्हणून परत बोलवावे लागले, हेही मोजावे, अशी माझी प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना विनंती आहे. त्यात एक अपवाद धरावा : कोलायटिसच्या रुग्णात कर्करोगपूर्व बदल दिसला, तर दुसऱ्या अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाला स्लाइड दाखवण्यात गेलेला दिवस विलंब म्हणून मोजू नये. त्या एका शब्दावर आतडे काढायचे की ठेवायचे हे ठरते.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक सांगणे. रिपोर्टवर ‘तुकडा अपुरा’ किंवा ‘काप तिरका असल्याने निश्चित मत देता येत नाही’ असा शेरा असेल, तर पुन्हा पोट साफ करून दुर्बीण घालायला तयार होण्याआधी डॉक्टरांना विचारावे, की त्याच ब्लॉकचे आणखी खोल काप घेतले आहेत का, आणि गरज पडल्यास मेण वितळवून तुकडा पुन्हा नीट उभा बसवता येईल का. मेणातला तुकडा प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो, ही दोन्ही कामे होऊ शकतात, आणि त्यांना सहसा एक दिवस पुरतो.

आपला विश्वासू,
हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)